वडील गेले. त्यांच्या आठवणीत त्यांच्याच जुन्या मोटरसायकलवर एकट्याने कॅम्पिंगला जायचं आहे. तयारी काय करू?

तुम्ही खाली तपशिलात लिहिलंय, 'बाबा न्यायचे ते सगळं सामान तसंच नेणार आहे.' त्या एका वाक्यापायी लिहायला बसलो. तसंच नेऊ नका.

मी नेलं होतं. माझे बाबा वर्षातून एकदा तंबू घेऊन एकटेच जायचे आणि दोन रात्री राहून यायचे. कॅरिअरवर तंबू, त्यावर हत्यारांची पत्र्याची पेटी आणि वरून दोरी. त्या पेटीवरून मी त्यांना भरपूर छळलंय. एवढ्या लोखंडात दुसरी गाडी उभी राहील, म्हणायचो. ते म्हणायचे, "लागेल तेव्हा कळेल." ते गेल्यावर पुढच्या वर्षी मी निघालो, तर दादा म्हणाला, "पेटी घे. नाहीतर ती तुझी ट्रिप झाली, त्यांची नाही." लागलं मला ते. काट्यावर ठेवली तर 9 किलो भरली. तरी घेतली.

पहिल्याच वळणावर हँडल हलकं वाटायला लागलं. कॅरिअर मागच्या चाकाच्याही मागे असतो. तिथे उंचावर वजन टाकलं की पुढचं चाक रस्ता नीट धरत नाही. जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मधे यायला हवं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बॅगांत, सारखं वाटून. हे मला माहीत होतं. बाबांशी याच मुद्द्यावर भांडलोही होतो. पण गेलेल्या माणसाशी वाद जिंकायला नको वाटतं, म्हणून मुकाट त्यांच्यासारखं बांधलं.

हळू चालवल्यामुळे पोचायला अंधार झाला. (तंबूच्या जागी सूर्य मावळायच्या दीड तास आधी पोचा. जमीन कशी आहे, वर वाळकी फांदी आहे का, पाणी कुठून वाहत येईल, हे उजेडातच दिसतं.) साइड स्टँड लावला, उतरलो, दोन पावलं गेलो असेन, तर स्टँड भुसभुशीत मातीत रुतला आणि गाडी आडवी. स्टँडखाली एक चपटा दगड ठेवला असता तरी भागलं असतं. पेट्रोलचा वास सुटला. हँडल धरून तीनदा उचलायचा प्रयत्न केला, कंबर गेली, गाडी हलली नाही. शेवटी अंधारात चाचपडत बाबांच्या पद्धतीच्या गाठी सोडल्या, सामान उतरवलं, पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडल पूर्ण वळवून धरलं, सीटला पाठ टेकवली आणि पायांच्या जोरावर मागे रेटत रेटत उभी केली. मग पेटीला एक लाथ घातली. मग तिला सॉरी म्हणालो. बघायला कोणी नव्हतं.

तुम्ही हे निघण्याआधी मऊ जमिनीवर करून बघा. गाडी आडवी करा आणि एकट्याने उचला. उजवीकडे पडली असेल तर आधी स्टँड बाहेर काढा, नाहीतर उचलल्यावर दुसऱ्या बाजूला जाईल. उचलता येत नसेल तर एकट्याने जाऊ नका. मग कारण कितीही मोठं असो.

सकाळी थंडीत चोक ओढून किक मारली आणि चोक तसाच राहिला. पुढे सगळा चढ. उंचीवर हवा विरळ, त्यात चोक, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. गाडीने काळा धूर काढला, गुदमरली आणि बंद पडली. इंजिन निवू दिलं, गाडीच्याच किटमधल्या पान्याने स्पार्क प्लग काढला. काजळीने भरलेला. पुसायला काहीतरी हवं म्हणून पेटी उपसली, तर तळाशी चार घड्या घातलेला काचपेपर. त्याच्या एका कोपऱ्यावर आधीचीच काजळी होती. चोकवरून मला आयुष्यभर बोलणी खायला लावणारा माणूस! तिथे रस्त्याच्या कडेला बसून मी हसलो आणि मग बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दादाचं म्हणणं अजून तेच: पेटी नेली म्हणून काचपेपर मिळाला. अरे, पण काचपेपर खिशात मावतो! आणि नवा प्लग नेला असता तर काचपेपरही लागला नसता. 9 किलोंतलं बाकी काहीही बाहेर निघालं नाही. स्वतःच्या गाडीच्या नट-बोल्टांना जे पाने बसतात तेवढेच न्या, शिवाय एक प्लग, एक क्लच केबल, फ्यूज आणि पंक्चरचं सामान. बस.

आता तुमच्या गाडीचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2311 म्हणजे 2011 सालचा 23वा आठवडा. वडिलांनी शेवटी गाडी फारशी काढली नसेल तर नक्षी नव्यासारखी दिसेल, पण रबर कडक झालेलं असतं. बदला. त्यांच्या हातचं काही राहू दे असं वाटत असेल तर आरसा राहू दे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करून घ्या, ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर तेही बदला. चेन आणि हवा सामान लादायचंय हे धरून तपासा.

रात्रीची थंडी जमिनीतून येते, म्हणून पांघरुणाआधी खालच्या चटईवर खर्च करा. 1000 मीटर वर गेलात की साधारण साडेसहा अंशांनी गार होतं. स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, पाऊस असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

रडू येईल. चालवताना आलं तर थांबा, हेल्मेटची काच आतून धुकट होते आणि काही दिसत नाही.

हे सगळं जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचं झालं. फ्यूल इंजेक्शनवाली असेल तर चोक विसरा, बॅटरी बघा. आणि पेटी नेऊन कोणाची ट्रिप छान झालीही असेल, मी माझं सांगतोय.

आईला काय सांगू, हेही विचारलंय. मी माझ्या आईला परत आल्यावर सांगितलं, आणि ते चुकलं. कुठल्या रात्री कुठे असाल, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, एवढं कागदावर लिहून तिच्या हातात द्या. भांडण होईल ते निघण्याआधीच होऊ द्या.