मांजरं राहू दे, भजन राहू दे. आधी डोंगलचं बोल

सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं, पॅनलवाले तुझ्या ओसरीवर चहा पिऊन गेले आणि घरात ठरलंही की नाव तुझं टाकायचं. सासरे म्हणतात, "तुले काय करा लागते, सही तं करायची हाय." वरून पॅनलप्रमुखांच्या दोन अटी: घरातली चारही मांजरं कोणाला तरी देऊन टाक, आणि निवडणूक होईस्तोवर भजनी मंडळासोबत गावोगाव जाणं बंद कर, कारण उमेदवार बाई 'घरंदाज' दिसली पाहिजे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे मांजरांवरून बाया आधीच कुजबुजतात. उभी राहू की नको, असं तू विचारलंस.

उभी राहा. पण या दोन अटी मान्य करून नको.

मी सदस्य होते, मग सरपंच झाले. तेव्हा हे शेवग्याच्या शेंगा विकत घेताना वाकवून पाहतात तसं असतं, हे मला ठाऊक आहे. मांजरांनी मतं जात नाहीत, भजनाने तर येतात. तू किती वाकतेस तेवढं त्यांना आज पाहून घ्यायचं आहे. आज मांजरं दिलीस तर उद्या कोऱ्या ठरावावर सही देशील, हा त्यांचा हिशोब. गावात परवानगी न घेता तू करतेस अशा दोनच गोष्टी, मांजरं आणि गाणं. नेमक्या त्यांवरच बोट ठेवलं, यात नवल काही नाही.

मूल नसण्याचं म्हणशील तर कायद्याला त्याचं काही पडलेलं नाही. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेला माणूस आपल्याकडे ग्रामपंचायतीला अपात्र ठरतो. पहिलं नसलेली बाई ठरत नाही. त्यासाठी अधिकाऱ्यासमोर मान खाली घालायची गरज नाही, पॅनलसमोर तर मुळीच नाही.

आणि मांजरवाली बाई हा टोमणा आपल्याच आळीतला समजू नको. अमेरिकेचे जे. डी. व्हान्स २०२१ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले होते की मूलबाळ नसलेल्या मांजरवाल्या बायाच देश चालवून राहिल्या आहेत. २०२४ मध्ये ते उपाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा ते बोलणं पुन्हा वर आलं. मग सप्टेंबरात टेलर स्विफ्ट नावाच्या तिकडच्या मोठ्या गायिकेने कमला हॅरिसना पाठिंबा दिला तो मांजराला कवेत घेतलेला फोटो टाकून, आणि खाली आपली ओळख लिहिली, मूल नसलेली मांजरवाली बाई. भाचीने मोबाइलवर दाखवलं तेव्हा मी पोट धरून हसले. निवडून मात्र व्हान्सच आले, तेही ध्यानात ठेव. फोटोने निवडणूक फिरत नाही. त्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्लंडात बाया मताचा हक्क मागत होत्या, तेव्हा त्यांची टिंगल करणारी पोस्टकार्डं छापली जायची, त्यांवर हक्क मागणाऱ्या मांजरी काढलेल्या. इतकी जुनी खोड आहे ही, तुझ्या पॅनलच्या दादांनी काही नवीन शोधलं नाही.

आता कामाचं. वित्त आयोगाकडून गावाला येणारा पैसा हल्ली ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून जातो. त्याला सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात कोणी म्हणत नाही) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. तुझी सही म्हणजे पेनड्राइव्हएवढं एक डोंगल आणि त्याचा पासवर्ड. मी पाहिलेल्या कितीतरी ग्रामपंचायतींत बाई सरपंच, तिचं डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्ड त्याच ड्रॉवरमधल्या चिठ्ठीवर आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर. नालीचं बिल निघतं तेव्हा ती वावरात पऱ्हाटी वेचत असते. सासरे म्हणतात सही तं करायची हाय. अगं, सहीलाही बाई लागत नाही आता.

म्हणून अट घालायचीच तर तू घाल, आणि अर्ज भरण्याआधी घाल. नंतर कोणी ऐकत नाही. सिमकार्ड तुझ्या नावाचं आणि फोन तुझ्या हातात. डोंगल तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्या कमरेला. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेचे ठराव लिहितात त्या वहीत, मधे कोरी जागा सोडून खाली सही मागितली तर त्या जागेवर आडवी रेघ मारून मगच सही करायची. मासिक सभेला खुर्चीवर तू, आणि नवऱ्याला यायचंच असेल तर त्याने ग्रामसभेला गावकऱ्यांत बसावं. महिला पदाधिकाऱ्याच्या कारभारात नातेवाइकांनी ढवळाढवळ करू नये असे शासनाचे आदेश आहेत, ते शांतपणे दाखवता येतात. माझ्या घरी मी ते देव्हाऱ्याशेजारी डकवले होते.

आणि सगळ्यात आधी घरात एक गोष्ट ठरव: सभेच्या दिवशी भाकरी कोण टाकणार. हसू नको. पुरुष निवडून येतो तेव्हा त्याच्या मागे एक बाई चहाची भांडी घासत असते, म्हणून त्याला तालुक्याला जायला दिवस मोकळा सापडतो. तुझ्यामागे कोण आहे? सासूबाई तयार असतील तर त्यांच्याशी सरळ बोल, नवऱ्याला तर बोलच. पन्नास टक्के जागा २०११ पासून आपल्या आहेत, दिवसाचे तास मात्र अजून कोणी राखीव ठेवले नाहीत.

भजनाकडे येते, कारण तिथे तुझी खरी ताकद आहे आणि तुला ती दिसत नाही असं वाटलं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला कमी असेल तो आकडा. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही खाच सगळ्या कारभाऱ्यांना पाठ असते. पहिल्या दिवशी दवंडी हळू द्यायची, पुढच्या तारखेला आठ-दहा जणांनी पारावर बसून घरकुलाच्या यादीपासून सगळं मंजूर करून टाकायचं. तुझ्या मंडळातल्या बाया सगळ्या आळ्यांतल्या आहेत, वरच्या आणि खालच्याही. प्रत्येकीने आळीतल्या पाच जणी आणल्या की पहिल्याच दिवशी गणपूर्ती होते. शिवाय ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गावोगाव ती रजिस्टरातच उरकतात. तू खरी घे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला आणि बालकल्याणासाठी असतो, तो कुठे गेला हा पहिला प्रश्न तिथून येऊ दे.

गाण्याचा दुसरा फायदा गळ्याचा. सभेत बाई बोलायला उठली की मधेच कोणीतरी "बसा वहिनी" म्हणतो आणि बाई बसते. भजनात पुढे गाणारीला हे चालत नाही, टाळ चुकला तरी ती कडवं सोडत नाही. मी सभेत तेच केलं. वाक्य अर्धं तुटलं की मी ते पहिल्यापासून पुन्हा म्हणायची, त्याच आवाजात. तिसऱ्या खेपेला हसणारेही गप होत. आपल्याकडे खंजिरी काही नुसती देवापुढे वाजली नाही. तुकडोजी महाराजांना १९४२ मध्ये इंग्रजांनी तुरुंगात घातलंच होतं. त्याच साली जुलैत नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, आणि बायांनी घटस्फोटाचा हक्क मागणारा ठराव केला. हे सगळं पुण्या-मुंबईचं फॅड आहे असं कोणी म्हटलं तर हे साल सांग.

फक्त मंडळ भाड्याने देऊ नको. निवडणूक लागली की मंडळांना पेटी येते, तबला येतो, एकसारख्या साड्या येतात. साडी नेसली की चाल तुमची आणि शब्द त्यांचे. पेटी वर्गणीतूनच घ्या, जुनी असली तरी. प्रचाराला गाणं हवंच असेल तर भुलाबाईच्या चालीवर तुम्हीच रचा, नळाला पाणी किती वाजता येतं आणि कोणाच्या आळीत येतच नाही यावर. ग्रामपंचायतीला तसंही पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे पक्षाचं गाणं वाजवायचं काही कारणच नाही.

मतदारयादीचं काम कंटाळवाणं आहे, पण मला विचारशील तर प्रचारापेक्षा ते आधी कर. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख बायांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच लिहिलेलं. जास्त करून उत्तरेकडच्या राज्यांत झालं ते. आपल्याकडे आज उलटा घोळ आहे. लेक नांदायला गेली तरी नाव माहेरच्या यादीत, सून आली तरी तिचं इथे नाही, आणि वारलेल्या आजी अजून मतदार.

याचा फटका कुठे बसतो सांगते. वर्ध्याची दारूबंदी १९७४ पासूनची, गडचिरोलीची १९९३ ची; चंद्रपूरची २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दुकान बंद करायचं तर गावाने मतदान घ्यावं लागतं. आधी २५ टक्के महिला मतदारांचा अर्ज, मग गुप्त मतदान, उभी बाटली (दुकान राहू द्या) की आडवी बाटली (बंद करा). आणि आडव्या बाटलीला मतं लागतात ती आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे यादीत राहिलेली नांदायला गेलेली लेक आणि वारलेली आजी, दोघी उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. पुढेमागे तुला हे मतदान घ्यायचं असेल (तू दुकानाबद्दल एक ओळ लिहिलीच आहेस), तर यादी आतापासून साफ कर. पत्ता बदलायला नमुना ८, नाव वगळायला नमुना ७. दुपारी भजनाच्या सरावानंतर अर्धा तास बसा.

लाडक्या बहिणीचे १,५०० घ्यावे की नाही असं शेवटी विचारलंस. घे की. बाईच्या खात्यात बाईचा पैसा आला, त्यात लाजायचं काय? मी त्याला भीक म्हणणाऱ्यांतली नाही. कास्तकाराला अनुदान मिळतं तेव्हा कोणी भीक म्हणत नाही. पण ओवाळणी म्हणून मत मागितलं तर हसून सोड. योजना आली त्याच वर्षी, २०२४ मध्ये, विधानसभेच्या २८८ जागांवर बाया निवडून आल्या २१. पैसा बायांना आणि तिकीट भावांना, असं चाललं आहे ते.

राहिली मांजरं. निवडणूक हंगामात आली तर घरात कापूस भरलेला असेल आणि मांजर त्यातच विणार, हे धरून चाल. आमची एक दरवर्षी थेट गंजीच्या मध्यावर खड्डा करून बसायची. व्यापारी काटा लावून उभा आणि आतून म्यांव. सोयीची जागा हवी तर कापूस भरलेलं टोपलं आधीच कोपऱ्यात, अंधारात ठेव, बहुतेक तिथे जाते. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवू नको, आणि निवडणुकीच्या धावपळीत दुसऱ्या कोणालाही ठेवू देऊ नको. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तिचाही जीव जाऊ शकतो. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला कधीच द्यायची नाही, अर्धीही नाही. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नसबंदी होते का ते अर्ज भरायला जाशील त्याच फेरीत विचारून ये. निकालाच्या दिवशी, कोणीही जिंको, डीजे आणि फटाके दारातून जाणारच. चौघींना सकाळीच मधल्या खोलीत कोंड, पाणी आणि राखेचं घमेलं ठेव. भ्यालेलं मांजर दोन-दोन दिवस घरी येत नाही.

अर्जाचे कागद: सातवी पासचा दाखला (१९९५ नंतरचा जन्म असेल तर लागतोच), शौचालयाचा, घरपट्टी थकलेली नसल्याचा, आणि जागा जातीसाठीही राखीव असेल तर जात वैधता. खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेव. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब दिला नाही तर अपात्र ठरवतात, आणि तो हिशोब "दादा देतील" म्हणून दादांवर सोडू नको.