आमच्या लॅब्राडोर मादीला आधी एकदा पिल्ले होऊ द्यावीत आणि मगच नसबंदी करावी का? पिल्ले द्यायची झाल्यास कोणाला आणि कशी द्यावीत?

आपण लिहिले आहे की आपली लॅब्राडोर मादी दोन वर्षांची आहे, तिच्या वंशावळीची कागदपत्रे आहेत, ऑपरेशनपूर्वी तिला एकदा तरी आईपण मिळाले पाहिजे असा घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे, आणि सहा ओळखीच्यांनी पिल्लू घेण्याचा शब्दही देऊन ठेवला आहे. माझ्या घरी याच जातीची दोन वेते झाली आणि दोन्ही मिळून तेरा पिल्ले मी दिली. त्यांतील एका पिल्लाच्या बाबतीत माझी चूक झाली, तीही पुढे सांगते.

माझे मत आधीच सांगून टाकते: आपल्या जागी मी असते तर वेत होऊ दिले नसते, सरळ ऑपरेशन करून घेतले असते. पिल्लू देणे म्हणजे ते आठ आठवड्यांचे झाले की चांगल्या माणसांच्या हाती सोपवणे, असे पहिल्या वेतापर्यंत मलाही वाटत होते. प्रत्यक्षात त्या प्रत्येक पिल्लाची पुढची दहा-बारा वर्षे आपल्या नावावर चढतात, आणि ती निभावण्याची तयारी नसेल तर मादीला नराकडे नेऊच नये.

आईपणाचा मुद्दा प्रेमापोटी मांडला जातो, म्हणून तो खोडताना जड जाते. परंतु एका वेताने कुत्रीच्या प्रकृतीला किंवा स्वभावाला फायदा होतो, याला आधार नाही. माजावर आली की ती नराला स्वीकारते आणि माज ओसरला की तो विषय तिच्यापुरता मिटतो. न झालेल्या पिल्लांची खंत ती करत बसत नाही, ती आपण करतो. पिल्ले झाल्यावर कुत्री शांत होते, असेही सांगितले जाते. तिसऱ्या वर्षात बहुतेक लॅब्राडोर मुळातच थोडे शांत होतात, श्रेय मात्र वेताला मिळते.

उलट, ऑपरेशन लांबवण्यातला धोका अगदी ठोस आहे. प्रत्येक माजानंतर, मादी गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने वाढलेले राहते, गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि तेथे जंतूंना घर मिळते. यातून गर्भाशयात पू साठतो, त्याला पायोमेट्रा म्हणतात. स्वीडनमधील विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून असे दिसले, की नसबंदी न झालेल्या माद्यांपैकी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याला वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार होतो. माझ्या मादीला तो सातव्या वर्षी झाला, दोन्ही वेते होऊन गेल्यानंतर. माज संपून पाच आठवडे झाले होते. एका सकाळी तिने पाण्याचे भांडे दुपारपर्यंत तीनदा रिकामे केले, आणि उन्हाळ्यामुळे असेल म्हणून मी ते चौथ्यांदा भरून ठेवले. संध्याकाळी ती जेवणाकडे पाठ करून भिंतीशी तोंड लावून बसली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेर स्राव दिसत नव्हता, कारण गर्भाशयाचे मुख बंद होते, आणि हा प्रकार अधिक घातक असतो. त्याच रात्री ऑपरेशन झाले आणि ती वाचली; पण जे ऑपरेशन तरुण, धडधाकट मादीवर सहज झाले असते, ते तापाने फणफणलेल्या मादीवर करावे लागले.

नसबंदीचे सगळेच फायदे मी फुगवून सांगणार नाही. स्तनांतील गाठींपासून मिळणारे संरक्षण पहिल्या माजापूर्वी ऑपरेशन केल्यास सर्वाधिक असते आणि प्रत्येक माजागणिक घटते, असे १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासापासून सांगितले जाते, परंतु पुढे तपासणी करणाऱ्या संशोधकांना त्यामागचा पुरावा कमकुवत वाटला. आपली मादी तर दोन वर्षांची आहे, त्यामुळे केवळ या कारणासाठी घाई करण्यात अर्थ नाही. मोठ्या जातींच्या काही माद्यांना ऑपरेशननंतर झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, तो बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतो. वजनाचा प्रश्न मात्र लॅब्राडोरच्या घरी गंभीरपणे घ्यावा. ऑपरेशननंतर शरीराची उष्मांकांची गरज कमी होते आणि भूक वाढते. त्यातच केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले, की या जातीतील जवळपास चारांपैकी एका कुत्र्यात पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गहाळ असतो आणि अशा कुत्र्याची अन्नाची ओढ अधिक असते. ऑपरेशनच्या दिवसापासूनच खाणे मोजून द्यावे. डोळ्यांच्या अंदाजावर आणि विशेषतः तिच्या डोळ्यांवर विसंबू नये.

लवकर नसबंदी केल्याने सांधे बिघडतात, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर त्यात तथ्य आहे, पण ते आपल्या मादीला लागू होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर जे निष्कर्ष मांडले, त्यांत अनेक मोठ्या जातींमध्ये एक वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार अधिक आढळले. लहान जातींत तसे दिसले नाही. कारण असे, की हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी बंद होण्यात लैंगिक संप्रेरकांचा वाटा असतो. दोन वर्षांच्या लॅब्राडोरची वाढ पूर्ण झालेली असते.

आता त्या सहा जणांनी दिलेल्या शब्दाविषयी. लॅब्राडोरला सात-आठ पिल्ले होणे नेहमीचे आहे, दहाही होतात. माझ्या दुसऱ्या वेताच्या वेळी पाच जणांनी आधी होकार दिला होता. पिल्ले सहा आठवड्यांची होईपर्यंत एकाची बदली झाली, एकाच्या घरी आजारपण आले, एकाला फक्त काळी मादीच हवी होती, आणि शेवटी दोघे उरले. तोवर घरात सात पिल्ले दिवसाला किती वेळा घाण करतात, याचा हिशेब मी ठेवणे सोडून दिले होते. अशा दमलेल्या अवस्थेत पिल्लू मागणारा प्रत्येक माणूस देवदूत वाटू लागतो, आणि चुका तेव्हाच होतात.

माझी चूक अशी झाली. एक सुस्वभावी जोडपे आले, पिल्लाला कुशीत घेताच त्यांचे डोळे भरून आले, आणि मी सातव्याच आठवड्यात, काहीही लिहून न घेता, एक नर त्यांना देऊन टाकला. सव्वा वर्षाने एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याने त्या नरापासून आपल्या मादीला पिल्ले करून घेतली होती आणि ‘बापाचे कागद’ माझ्याकडे मागत होता. चौकशीअंती कळले, की जोडप्याने सात महिन्यांत कुत्रा दुसऱ्याला दिला होता, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तो तिसरा त्याला दिवसभर साखळीला बांधून माजावर आलेल्या माद्यांसाठी वापरत होता. सांध्यांतील आनुवंशिक दोष पाहण्यासाठी काढतात तो नितंबाचा एक्स-रेही त्याचा कोणी काढला नव्हता. तो कुत्रा मला परत मिळाला नाही, कारण परत मागण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवलाच नव्हता.

म्हणून पिल्लू देताना मी आता सर्वांत आधी एक अट लिहून घेते: कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात कुत्रा सांभाळणे अशक्य झाले, तर तो प्रथम माझ्याकडे परत यावा. ही अट घालणाऱ्याच्या घरातही तेवढी जागा हवी. माझ्याकडे एक मादी चार वर्षांची झाल्यावर परत आली आणि दुसरे घर मिळेपर्यंत पाच महिने राहिली. दुसरी अट नसबंदीची असते. मोठ्या जातीचे पिल्लू आठ आठवड्यांचे असताना ऑपरेशन करून देणे मला पटत नाही, त्यामुळे वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, ते करून घ्यावे असे करारात लिहिते, काही रक्कम अनामत ठेवून घेते आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र दाखवल्यावर परत करते. कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना केनेल क्लब म्हणतात; त्यांतील काहींत मर्यादित नोंदणीची सोय असते. उदाहरणार्थ, अमेरिकन केनेल क्लबकडे अशी नोंद असलेल्या कुत्र्याच्या पिल्लांची पुढे नोंदणी होऊ शकत नाही. नसबंदीच्या अटीवर नराच्या बाबतीत हमखास वाद होतो, आणि तो घालणारे बहुधा घरातले पुरुष असतात, जणू ऑपरेशन त्यांचेच ठरले आहे. त्यांना मी एवढेच सांगते, की एखादा वृषण पोटातच राहिला असेल तर तो दोष आनुवंशिक असतो, आत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याची शक्यता वाढते, आणि अशा नराचे ऑपरेशन ऐच्छिक राहत नाही.

कोणाला द्यावे, हे ठरवताना घर किती मोठे आहे यापेक्षा मी दिवसाचे वेळापत्रक विचारते: सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत कुत्र्याजवळ कोण असेल? याआधीचा कुत्रा कोठे आहे, हा प्रश्न त्याहून उपयोगी पडतो. ‘म्हातारा होऊन आमच्याकडेच गेला’ हे उत्तर आणि ‘गावाकडे पाठवला’ हे उत्तर यांतच बरेच काही समजते. पिल्लू लोकांनी निवडू नये, आपण जुळवून द्यावे, कारण पाच आठवडे त्यांना रोज पाहणारे आपणच असतो. माझ्या दुसऱ्या वेतात पत्र्याचे झाकण जमिनीवर पडले तेव्हा सहा पिल्ले दचकून मागे सरली, आणि एक ते झाकण ओढू लागले. ते लहान मुलांच्या धावपळीच्या घरी गेले, आणि सर्वांत शेवटी खोक्यामागून बाहेर आलेले पिल्लू एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईंकडे. आठ आठवड्यांपूर्वी कोणतेही पिल्लू देऊ नये. चावण्याचा जोर किती ठेवायचा हे ते भावंडांकडून आणि आईकडूनच शिकते.

हे सारे वाचूनही आपला निर्णय वेताकडे झुकत असेल, तर मादी आणि नर दोघांच्याही नितंबांचे व कोपरांचे एक्स-रे जाणकार डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि दृष्टिपटल झिजवणाऱ्या पीआरए तसेच व्यायामात अचानक पाय गळून पडण्याच्या ईआयसी या विकारांच्या जनुकीय चाचण्या करा. दोघेही वरून निरोगी असून एकाच सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक पिल्लाला तो विकार होण्याची शक्यता चारात एक असते. वंशावळीचा कागद यांतले काहीही सांगत नाही.

ऑपरेशनचा निर्णय झाला तर मागचा माज कधी सुरू झाला आणि कधी संपला, त्या तारखा आठवून लिहून काढा. माजात असताना गर्भाशयाकडे रक्ताचा पुरवठा वाढलेला असतो, म्हणून बहुतेक डॉक्टर माज संपल्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी ऑपरेशन ठेवतात. पुढचा माज त्याआधी येत असेल, तर ते साधारण तीन आठवडे तिला अंगणातही पट्ट्याशिवाय सोडू नका; माझी पहिली मादी कमरेएवढ्या भिंतीवरून गेली होती.