वाचकांचे प्रश्न: महापूर आणि गावची नळयोजना

प्रश्न: आमचे गाव शिरोळ तालुक्यात, पंचगंगेकाठी आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही महापुरांत जॅकवेलची (नदीकाठच्या पाणी उपशाच्या विहिरीची) मोटर बुडाली आणि पाणी ओसरल्यावरही नळ कोरडेच राहिले. ग्रामपंचायतीने काय करावे?
– ग्रामपंचायत सदस्य

उत्तर: पाणबुडी पंप पुराने सहसा बिघडत नाही. निकामी होतात ते स्टार्टर, पॅनेल बोर्ड आणि वर बसवलेली उघडी मोटर. वाइंडिंगमध्ये गाळ शिरतो, आणि घाईने वीज जोडली की मोटर जळते. आधी शाखा अभियंत्याकडून 2021 ची पूररेषा लेव्हल लावून पंपघराच्या भिंतीवर काढून घ्या. पॅनेल त्या रेषेच्या वर किमान 1 मीटर हवे. केबलचा जोड मात्र अनेकदा खालीच राहतो आणि सगळा खर्च वाया जातो. तो जोड वर घेण्याचे काम अंदाजपत्रकात मुद्दाम लिहून घ्या.

डीपी बुडाली की महावितरणला वीज बंद करावीच लागते, म्हणून चेंजओव्हर स्विचसह (महावितरणची वीज की जनरेटरची, हे बदलणारा) जनरेटर ठेवा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेव्हा अगदी बेताच्या क्षमतेचा घेऊ नका.

वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून पाणीपुरवठ्याची कामे घेता येतात. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवे आणि ग्रामसभेचा ठराव हिवाळ्यातच व्हावा. मे महिन्यातल्या ठरावाने पावसाळा गाठता येत नाही.

पूर ओसरल्यावर विहिरीतले गढूळ पाणी उपसून टाका. गाळात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वाया जाते. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी म्हणजे सुमारे 37,700 लिटर. 1000 लिटरला 5 ग्रॅमप्रमाणे 190 ग्रॅम ताजी पावडर लागेल. तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरला आहे का, हे दाखवणारी) पिवळा रंग आलाच पाहिजे. दमट पावडरीतला क्लोरीन उडून जातो, म्हणून डबा घट्ट बंद करून पूररेषेच्या वर ठेवा.

प्रश्न: जनावरे कधी हलवावीत? आम्ही 43 फुटांची वाट बघतो.
– शेतकरी, करवीर तालुका

उत्तर: इतके थांबू नका. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे पाणीपातळीचे आकडे आहेत. तुमच्या गावचा रस्ता त्याआधीच बंद होऊ शकतो. बंधाऱ्यावर किती फूट पाणी झाले की तो बुडतो हे जुन्या लोकांना विचारून चावडीवर लिहून ठेवा, आणि त्याच्या दोन फूट अलीकडेच, दिवसाउजेडी, जनावरे काढा. ट्रॉलीत कडबाही घ्या. ओली वैरण पाण्याखाली जाते आणि छावणीत पहिले दोन दिवस चाऱ्याचीच ओढाताण होते.