पाठराखण आणि 'खिळवून ठेवणारी'

प्रश्न असा आहे: पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुराला, म्हणजे ब्लर्बला, मराठी शब्द कोणता? आणि तिथली 'खिळवून ठेवणारी', 'अंतर्मुख करणारी' असली विशेषणं वाचून पुस्तक खाली ठेवावंसं का वाटतं?

शब्द आहे आणि फार नेमका आहे: पाठराखण. मजकूर पुस्तकाच्या पाठीवर असतो आणि पुस्तकाची बाजूही घेतो. 'ब्लर्ब' हा मात्र थट्टेतून आला. अमेरिकन विनोदकार जिलेट बर्जेस यांनी १९०७ साली आपल्या पुस्तकाच्या वेष्टनावर 'बेलिंडा ब्लर्ब' ही कल्पित तरुणी छापली, तोंडाशी हात धरून पुस्तकाचा उदोउदो करणारी.

खरी गोम दुसऱ्या प्रश्नात आहे. 'येणारा पाहुणा' म्हणतो तेव्हा पाहुणा बहुधा अजून यायचा असतो. '-णारा' या कृदन्तात, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या शब्दरूपात, पुढे घडायच्या गोष्टीची छटा सहज येते. त्यामुळे 'हेलावून टाकणारी कादंबरी' हे वर्णन वाटलं तरी ते वाचकाबद्दलचं भाकीत असतं. मी अजून पान उघडलेलं नाही आणि मी हेलावणार हे आधीच ठरलंय! कादंबरी कोणाची, कशाची, याचा पत्ता नाही. 'वाचनीय'मधल्या '-नीय'चा अर्थ नुसता 'जोगं'. वाचण्याजोगं असणं ही किमान अपेक्षा झाली, कौतुक नव्हे.

समजा, एका पाठराखणीत लिहिलंय, 'नात्यांचा हृदयस्पर्शी वेध घेणारी विलक्षण कादंबरी.' हे वाक्य कुठल्याही पुस्तकामागे चालेल. आता हे पाहा: 'वडिलांचे दिवस झाल्यावर दोघे भाऊ घर मोजायला बसतात, टेपचं एक टोक धरायला धाकटा तयार नाही.' इथे कौतुकाचं एकही विशेषण नाही, पण धाकटा का अडलाय हे मला कळायलाच हवं.

अभिप्राय कापून छापणं तर मला सरळ अन्यायाचं वाटतं. परीक्षकाने 'पूर्वार्ध विलक्षण, उत्तरार्ध रेंगाळलेला' लिहावं आणि मलपृष्ठावर एकटं 'विलक्षण…' उरावं. अशी टिंबं ओळखायला वाचक लवकर शिकतो, आणि मग प्रामाणिक अभिप्रायावरही त्याचा विश्वास बसत नाही.

म्हणून '-णारी' टाळा असं मात्र मी म्हणणार नाही. 'मेलेल्या नवऱ्याच्या नावाने रोज पत्रं लिहून स्वतःच पेटीत टाकणारी पोस्टमास्तरीण' यातही '-णारी' आहेच. ती पात्राबद्दल बोलते, माझ्याबद्दल नाही, आणि असं पुस्तक मी उघडून पाहीन.