मंडलेश्वर ते महेश्वर : काठाकाठाने एक दिवस

प्रश्न : आम्ही सहा जण ५२ ते ६८ या वयोगटातील असून रोज सकाळी तासभर चालतो. या हिवाळ्यात एका दिवसात वीसेक किलोमीटर, नदीकाठाने, चढउतार नसलेल्या वाटेने आणि जुन्या गावांतून चालावे असे मनात आहे. महेश्वरहून नर्मदेच्या काठाने मंडलेश्वरपर्यंत जाऊन त्याच वाटेने परतण्याचा बेत केला आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जागा आपण उत्तम निवडली आहे, बेत मात्र उलटा करावा असे मी सुचवीन. महेश्वरहून निघाल्यास घाट, राजवाडा आणि साड्यांची दुकाने यांतच सकाळचे दोन-तीन तास सरतात, आणि तीच वाट परतीला तुडवताना पावलांना उत्साह राहत नाही. त्याऐवजी मंडलेश्वरहून निघून नदीच्या ओघाबरोबर पश्चिमेकडे चालावे. सकाळचे ऊन पाठीवर राहते आणि दिवसातील सर्वांत देखणे ठिकाण शेवटाकडे येते. गाडी मंडलेश्वरला सोडून चालकाला महेश्वरला थांबण्यास सांगितले की परत जाण्याचा प्रश्नही उरत नाही.

इंदूरहून पहाटे पाचपूर्वी निघावे आणि महूमार्गे जाम घाटाने उतरावे. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ च्या सुमाराचा आहे. तेथे दहा मिनिटे थांबले तर विंध्याची कड संपून खाली निमाड कसा पसरला आहे हे एका नजरेत कळते आणि आपण सपाटीवर चालणार आहोत याची खात्रीही पटते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहा-सहाला मावळतो, म्हणून सव्वासातला पहिले पाऊल पडेल असा हिशेब ठेवावा.

मंडलेश्वर घाईने ओलांडू नये. ब्रिटिश अमदानीत काही दशके निमाडचा कारभार येथून चालत असे, आणि शंकराचार्य व मंडनमिश्र यांचा वाद याच गावी झाला, अशी स्थानिक श्रद्धा आहे. (हाच मान इतर गावेही सांगतात, त्यामुळे घाटावर या विषयावर वाद घालू नये.) आपल्या इंदूरच्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी याच परिसरातील जलूदहून उचलले जाते, हे घाटाच्या पायरीवर बसून एकदा आठवावे.

मंडलेश्वर ते महेश्वर हे अंतर सडकेने आठ-दहा किलोमीटर असले, तरी काठाने वळणे घेत ते बारापर्यंत जाते असे धरून चालावे. ‘सपाट’ या शब्दावर मात्र पूर्ण विसंबू नये. नर्मदेचे काठ गाळाच्या मातीचे आणि उंच आहेत, आणि नदीला मिळणाऱ्या ओढ्यांनी ते जागोजागी खोल चिरले आहेत. नकाशात ही चीर केसाएवढी दिसते. मी स्वतः एकदा ‘समोरच तर आहे’ म्हणून अशाच एका घळीत उतरलो, पोटरीपर्यंत चिखलात रुतलो आणि शेवटी तासभराचा वळसा घालून पलीकडे पोहोचलो. तेव्हापासून घळ दिसली की सरळ सडकेच्या बाजूला वर चढावे, पूल गाठावा आणि पुन्हा काठाकडे वळावे, हा माझा नियम आहे. सडक काठाला जवळजवळ समांतर आहे, म्हणूनच हा टप्पा आपल्या गटासाठी मला योग्य वाटतो. कोणाचा गुडघा कुरकुरू लागला तर त्यांना सडकेवर पोहोचवून गाडी बोलावता येते.

बागेतल्या वाटेवर आपण ताशी पाच किलोमीटर चालत असाल, पण शेताच्या बांधावर आणि वाळूत तीनच धरावेत. कापसाच्या आणि गव्हाच्या शेतांतून जाताना बांध सोडू नये आणि शेतात कोणी दिसल्यास विचारूनच पुढे जावे. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी, दशम्या आणि गूळ-शेंगदाणे असावेत. नवे कोरे बूट या दिवसासाठी राखून ठेवणे ही हमखास फोड येण्याची तयारी होय.

बाराच्या आत-बाहेर महेश्वर येते. इंदूरच्या मराठी घरांतून महेश्वर न पाहिलेला माणूस विरळा, पण आपण सगळे ते गाडीतून उतरून, वरच्या दाराने पाहतो. काठाने आल्यावर किल्ल्याची भिंत हळूहळू उंच होत जाते आणि घाटावरून पायऱ्या चढून आपण आत शिरतो. १७६७ ते १७९५ एवढा काळ ज्या अहिल्याबाईंनी येथून राज्य चालवले, त्यांची गादी ज्या लाकडी खांबांच्या साध्या वाड्यात आहे, तेथे थकलेल्या पायांनी पोहोचण्याचा अनुभव वेगळा असतो. घाटालगतची विठोजी होळकरांची छत्रीही चुकवू नये. १८०१ साली पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात विठोजींना हत्तीच्या पायी देण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू यशवंतराव हडपसरला पेशव्यांची फौज मोडून पुण्यात शिरले. त्या छत्रीच्या जोत्यावर हत्तींचीच रांग कोरलेली आहे. पलीकडच्या तीरावर नावडाटोली दिसते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५२ नंतर तेथे उत्खनन करून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. नावेने जाऊन येण्याइतका वेळ असतो.

जेवण आणि विश्रांती झाल्यावर, पाय साथ देत असतील तरच, तीनला पुढे चारपाच किलोमीटरवरील सहस्रधारेपर्यंत जावे. तेथे नदी खडकांवरून असंख्य धारांनी फुटते. ऊन आता डोळ्यांवर येईल, म्हणून रुंद कडेची टोपी हवी. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि इंदिरासागर ही धरणे असल्याने पाण्याची पातळी दिवसात वरखाली होते, तेव्हा पाण्यालगतच्या खडकांवर बसू नये आणि तेथे आंघोळही करू नये. दिवसभराचे एकूण पंधरा-सतरा किलोमीटर होतील. वीस पुरे करण्याचा हट्ट धरू नये.

प्रश्न : नर्मदा नेहमी उजव्या हाताला ठेवूनच चालावे, असे माझ्या सासूबाई म्हणतात. पश्चिमेकडे चालल्यास ती डावीकडे येईल. हे चालेल का?
— एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : सासूबाई परिक्रमेचा नियम सांगत आहेत आणि तो परिक्रमेपुरता बरोबर आहे. आपण परिक्रमेचा संकल्प केलेला नसल्याने दिशा कोणतीही घेता येते. उलट चातुर्मासानंतर देवउठनी एकादशीपासून परिक्रमावासी निघालेले असतात आणि उत्तर तीरावरचे परिक्रमावासी पूर्वेकडे जात असल्याने ते आपल्याला समोरून भेटतील. त्यांना आधी वाट द्यावी आणि ते ‘नर्मदे हर’ म्हणाले की तसेच उत्तर द्यावे. सासूबाईंना मनापासून उजवीकडेच नदी हवी असेल, तर त्यांना महेश्वरच्या घाटावर पूर्वेकडे तोंड करून थोडे फिरवून आणावे.