घाट, टायर आणि मांडीवरचा नातू

या वेळच्या पत्रांत निम्मी पत्रं घाटाची आणि टायरची आहेत. सुट्ट्या चालू आहेत, गाड्या माणसांनी आणि बॅगांनी भरल्यात, पाऊस तोंडावर आलाय. मायलेज, पॉलिश, सीट कव्हर असे विषय पुढच्या वेळी घेतो. गाडी वेळेवर थांबते का, आणि नाही थांबली तर आतली माणसं वाचतात का, एवढंच आज पाहू.

महाबळेश्वरहून परतताना पसरणीचा घाट उतरत होतो. गाडीत सात जण. अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडलं, पार खाली जायला लागलं. वाईत मेकॅनिकला दाखवलं, तर तो म्हणाला ब्रेक ठीक आहेत. मग झालं काय होतं? (हडपसर, पुणे)

मेकॅनिक खरंच बोलला. वाईत पोचेपर्यंत ब्रेक गार झाले होते, आणि गार झाल्यावर ते पुन्हा नीट लागतात. म्हणूनच ही गोष्ट लोक विसरून जातात आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा तशीच गाडी उतरवतात.

पाचगणी ते वाई तुम्ही साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येता. सात माणसांच्या गाडीचं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर ती सगळी ताकद उष्णता होऊन पॅड आणि डिस्कमध्ये जाते. जळका वास पॅडचा. पेडल मऊ पडलं ते ब्रेक ऑइलमुळे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरल्यावर हाच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. तुमचा पाय त्या वाफेला दाबत होता, चाकापर्यंत जोर पोचतच नव्हता.

माझ्याकडे गॅरेजमध्ये येणाऱ्या दर दुसऱ्या गाडीचा मालक इंजिन ऑइलची तारीख तोंडपाठ सांगतो. ब्रेक ऑइल कधी बदललं विचारलं की गप्प होतो. बॉनेट उघडून ती छोटी पांढुरकी बाटली एकदा पाहा. नवं ऑइल पातळ मधासारखं दिसतं. मागच्या आठवड्यात एका गाडीच्या बाटलीत कोरा चहा असावा तसं काळपट ऑइल होतं, आणि ती गाडी दुसऱ्या दिवशी आंबोलीला निघाली होती. दर दोन वर्षांनी ते बदलून घ्या, गाडी कमी फिरली असली तरीही. ओलावा किलोमीटर मोजत नाही.

आता उतरायचं कसं. जुने ट्रक ड्रायव्हर सांगतात तोच नियम: ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा किंवा तिसरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. दाबून वेग कमी करा आणि सोडा. पाय नुसता टेकवून ठेवू नका. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, हे करू नका. आजच्या गाड्यांत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला इंधन जाणंच जवळपास बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. चावीच बंद केलीत तर दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

आणि पेडल गेलंच तर? पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, एकदम नाही. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. तोंड उताराला असेल तर रिव्हर्स गिअर टाका, चाकापुढे दगड लावा, अर्धा तास बसा. निघताना तो दगड उचलून रस्त्याबाहेर टाका. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री तो दिसत नाही.

जोरदार पावसात चारी इंडिकेटर लावून चालवावं का? आणि काच आतून धुरकट होते त्याला काय करावं? (ठाणे)

चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका. ते लावले की तुम्ही लेन बदलताय की सरळ जाताय, हे मागच्याला कळत नाही. ही खूण थांबलेल्या, अडलेल्या गाडीची आहे. पावसात हेडलाइट डिपरवर लावा, म्हणजे मागचे लाल दिवेही लागतात. काच धुरकटली तर एसी चालू करा, हवेचा झोत पुढच्या काचेवर घ्या, बाहेरची हवा आत येऊ द्या. फडक्याने पुसत गाडी चालवू नका. वायपरची रबरं उन्हाळ्यात कडक होतात, पहिल्या पावसाआधी बदलून टाका.

समृद्धी महामार्गावरून नागपूरला जायचंय. टायर फुटण्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात हवा चार-पाच पॉइंट (पीएसआय) कमी ठेव, गरम झाल्यावर आपोआप वाढते. नायट्रोजन भरू का? टायर सहा वर्षांचे आहेत, पण नक्षी चांगली आहे. (छत्रपती संभाजीनगर)

काकांचा हेतू चांगला आहे, पण या सल्ल्याने टायर फुटतात. हे मी अगदी ठामपणे सांगतो.

कमी हवेचा टायर रस्त्याला टेकताना पसरतो, वर गेला की पुन्हा ताठ होतो. १२०च्या वेगाला हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा होतं. तार वाकवत राहिलं की गरम होते ना, तशी टायरची बाजू तापत जाते. बाहेर काँक्रीट तापलेलं, आत ही उष्णता, वर भरलेली डिकी. थर सुटतात आणि टायर जातो. असा चाललेला टायर रिमवरून काढला की आतून बारीक काळी रबराची पूड निघते, हाताला काजळीसारखी लागते. बाहेरून तो टायर धडधाकट दिसत असतो. ही पूड मी गाडीच्या मालकाला तळहातावर घेऊन दाखवतो. त्यानंतर हवा कमी ठेवण्याचा विषय पुन्हा निघत नाही.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. खांबावर स्टिकर आहे, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. भरलेल्या गाडीचा आकडा घ्या, आणि सकाळी निघण्याआधी, टायर गार असताना तेवढी हवा भरा. चालून तापल्यावर ती चार-पाच पीएसआय वाढणारच. कंपनीने हे गृहीत धरूनच आकडा दिलेला असतो. वाटेत तापलेल्या टायरची हवा काढू नका.

नायट्रोजन भरायचा तर भरा, तोटा नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा हवा तपासण्याचा फायदा नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आता तुमची नक्षी. तिच्या खोलीची कायद्यातली किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, आणि खाचांच्या तळाशी त्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण तुमचा प्रश्न वयाचा आहे. टायरच्या बाजूवर डॉट लिहिलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांत रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या भेगा येतात. नखाने दाबून पाहा. भेगा किंवा फुगवटा दिसला तर नक्षी कितीही असू दे, त्या टायरवर समृद्धीला जाऊ नका. मी तुमच्या जागी असतो तर चारही बदलून गेलो असतो, आणि स्टेपनीची तारीखही पाहिली असती.

समृद्धीवर मोटारींना १२०ची मर्यादा आहे, तो वेग गाठायलाच हवा असं नाही. १२०ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर थांबायला एकूण सुमारे ११० मीटर लागतात. ८०ला साठच्या आत थांबता. शिवाय सरळ रस्त्यावर दोन तासांनी डोळे उघडे असतात आणि लक्ष नसतं. दर दीड-दोन तासांनी उतरून चाला, तेव्हाच टायरांवर हात फिरवा. एकच टायर जास्त गरम लागला तर त्याची हवा बहुधा कमी आहे.

टायर फुटलाच तर ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप मंदावू द्या, मग कडेला घ्या.

मी नातवाला घेऊन पुढे बसते, तो दीड वर्षाचा आहे. मागे बसवलं की रडतो. मी त्याला घट्ट धरलेलं असतं. मुलगा म्हणतो बाळाची वेगळी सीट घेऊ, मला तो पैशांचा अपव्यय वाटतो. (डोंबिवली)

आजी, तुमची माया मला कळते, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ५०च्या वेगाने गाडी कशाला धडकली, तर आतल्या न बांधलेल्या माणसाला बसणारा धक्का साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. तिथून पडणारं बाळ कोणाच्याच हातात राहत नाही. पहिलवानाच्याही नाही. आणि समोरची एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते. बाळ तिच्या आणि तुमच्या मधे असतं.

मुलाला सीट घेऊ द्या. मागच्या सीटवर आयसोफिक्सच्या, म्हणजे बाळाची सीट अडकवायच्या, कड्या असतील तर तिथेच बसवा. दीड वर्षाच्या बाळासाठी उलट्या तोंडाची, म्हणजे गाडीच्या मागे तोंड करून बसवायची सीट सगळ्यात चांगली. चार दिवस रडेल. तुम्ही त्याच्या शेजारी मागेच बसा, गाणी म्हणा, सवय होईल. चौदा वर्षांखालच्या मुलांना बांधून बसवणं कायद्यानेही बंधनकारक आहे, नाहीतर हजार रुपये दंड.

तुम्हीही मागे बेल्ट लावा. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेले दोघे दगावले, पुढचे दोघे वाचले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं.

मागच्या पावसात पार्किंगमध्ये पाणी शिरलं, सीटपर्यंत आलं. पाणी उतरल्यावर गाडी सुरू करून पाहिली, ठक आवाज झाला आणि बंद. विमा कंपनी इंजिनचे पैसे देत नाही. (चिपळूण)

दादा, २२ जुलै २०२१चा महापूर पाहिलेल्या गावातून हे पत्र आलंय, वाईट वाटलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे चावी फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतो. तो ठक आवाज बहुतेक त्याचाच. पाणी शिरल्यावर गाडी सुरू केली, म्हणून कंपन्या इंजिनचं नुकसान बहुधा नाकारतात. इंजिन प्रोटेक्शन हा वेगळा भाग पॉलिसीत घेतलेला असेल तर मिळतं. सगळ्यांनीच आपली पॉलिसी या आठवड्यात काढून वाचा.

पाण्यात गेलेल्या गाडीची चावीसुद्धा लावायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पाणी कुठवर होतं त्याचे फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या. आणि फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघ्याखालच्या वाहत्या पाण्यातही छोटी गाडी उचलली जाते. साचलेल्या पाण्यातून गेलात तर बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक हलके दाबून वाळवा, ओल्या पॅडला पकड नसते.

रात्री हायवेवर अपघात दिसला. थांबलो तर पोलिसांचं झंझट मागे लागेल म्हणून गेलो. अजून झोप लागत नाही. (कराड)

पुढच्या वेळी थांबा, कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

आपली गाडी पुढे, रस्त्याच्या बाहेर लावा. इथे मात्र चारी इंडिकेटर लावा. गाडीतला लाल चमकता त्रिकोण अपघाताच्या पन्नास पावलं मागे ठेवा. १०८ला फोन करा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३लाही. बाजूच्या दगडावरचा किलोमीटर आणि तुम्ही कोणत्या दिशेने जात होता, हे दोन्ही सांगा. दिशा कळली नाही तर ॲम्ब्युलन्स पलीकडच्या बाजूला पोचते आणि वळायला तिला कित्येक किलोमीटर पुढे जावं लागतं. अपघातातल्या गाडीची चावी बंद करा. आगीचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका. मोटारसायकलवाल्याचं हेल्मेट उतरवू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हात काढू नका.