दोन खोल्यांचा होमस्टे सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

ताई, दिवेआगरला घरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढताय हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवातीला एकच सवय लावून घ्या: फोनवर पाच मिनिटं बोलल्याशिवाय बुकिंग पक्कं करायचं नाही. विचारा:

- मुलं धरून माणसं नक्की किती?
- किती वाजता पोचणार?
- जेवण आमच्याकडेच ना? शाकाहारी की मासे?

तिसऱ्या प्रश्नाला माणूस कळतो. ज्यांना खरंच राहायचंय ते सोलकढी, मोदकांपर्यंत विचारत बसतात. ज्यांना नुसती बसायला जागा हवी असते ते म्हणतात, "जेवणाचं बघू, गच्ची आहे का?" पहिल्याच मे महिन्यात माझ्याकडे चार जण सांगून गाड्यांमधून नऊ उतरले, आणि मी अ‍ॅडव्हान्सही घेतला नव्हता. आता निम्मे पैसे आल्याशिवाय मी तारीख अडवत नाही.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं बघा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नको. रजिस्टरात नोंद आधी, किल्ली नंतर. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत सरकारी पोर्टलवर भरावी लागते.

नव्या लोकांची मोठी चूक म्हणजे आडनाव, कपडे, मंगळसूत्र यावरून पाहुणा पारखणं. कृपा करून ते करू नका. सज्ञान अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. बघायची ती बोलण्याची रीत.

बुकिंगच्या साइट्सची घाई नको. पहिला हंगाम ओळखीतून येणाऱ्यांवरच काढा.